जेऊरपर्यंत

माणूस गेलेल्या घरी भेटायला गेलं, की निघताना 'येते' म्हणायचं नसतं. एरवी आपल्याकडे 'जाते' म्हटलं तर मोठी माणसं दटावतात, 'येते म्हण' म्हणतात. सुतकाच्या घरी सगळं उलटं. तिथं नुसतं उठायचं, कोपऱ्यात ठेवलेली पिशवी उचलायची, पायांत चपला सरकवायच्या आणि चालू लागायचं. घरातलंही कुणी 'या' म्हणत नाही. असल्या कारणासाठी पुन्हा या घरी यायला लागू नये, एवढाच त्यातला अर्थ. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला ते भाकरी थापण्याइतकं अंगवळणी पडलेलं असतं. मला तर ते नुसतं माहीत नव्हतं, सोलापूर ते जेऊर अख्ख्या पॅसेंजरमध्ये मी ते घोकत गेले होते. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तिथून निघताना मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येते हं मी."

माझ्याबद्दल लोक म्हणतात, ती बोलत नाही. शुद्ध गैरसमज आहे. मी दिवसभर बोलत असते, फक्त समोर कुणी नसतं. मी एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या पुसायच्या, लेबलं चिकटवायची, ब्युरेट धुऊन उलटे लावायचे. बाटल्यांशी माझं उत्तम जमतं. स्टाफरूममध्ये एकदा एका मॅडमनी नवी साडी दाखवून विचारलं, कशी आहे? मी म्हणाले, "बरी आहे." झालं. 'बरी'? कुणी कुणाच्या नव्या साडीला बरी म्हणतं का? त्या हसल्या होत्या, पण डोळे हसले होते का? आठ दिवस मी ती साडी धुवून, वाळवून, घडी करून पुन्हा उलगडत होते. नवव्या दिवशी धीर करून त्यांना सांगितलं, की ती साडी फार छान होती. त्यांनी विचारलं, कुठली? मग पुढचे आठ दिवस त्याचे.

आई होती तेव्हा वैतागून म्हणायची, "जनावराचं रवंथ बरं बाई, त्याचं दूध तरी होतं." मी लग्नाकार्याला जायचं टाळायला लागले. जायच्या आधी चार दिवस, कुणाशेजारी बसायचं, ताट घेऊन कुठं उभं राहायचं, नवरीच्या आईला काय म्हणायचं, याची तालीम. आल्यानंतर चार दिवस, काय म्हणाले आणि ते कसं ऐकू गेलं असेल, याची उजळणी. मधले दोन तास जे खरोखर घडलं, त्याची मात्र आठवणच नसायची. हळूहळू लोकांनी बोलवणं कमी केलं. मग लोकांनी बोलवणं का कमी केलं, यावर मी विचार करत बसले. माझं लग्न झालं नाही त्यामागे बाकीची कारणं होतीच, पण दाखवायच्या कार्यक्रमांनंतर मी स्वतःलाच आधी नकार देऊन मोकळी व्हायचे, हेही एक होतं.

या सगळ्यातून एकच माणूस सुटलेलं होतं. हॉस्टेलची माझी खोलीमैत्रीण. बी.एस्सी.ची तीन वर्षं आम्ही सोलापुरात एका खोलीत काढली. ती करमाळा तालुक्यातल्या खेड्यातली, आवाज शेतात हाक मारायची सवय असलेला, मनात येईल ते तोंडावर. तिच्याशी बोलून झालं, की माझं डोकं गप्प असायचं. हे मला आधी कळलंच नाही. एके दिवशी लक्षात आलं, की आपण हिच्याशी दुपारभर बोललो आणि त्यातलं एकही वाक्य पुन्हा काढून बघितलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "तू लई इचार करतीस गं. मला काय वाटलं ते मला इचार की. तुझ्या डोक्याला कशाला इचारतीस? त्याला काय म्हाईत?"

लग्न होऊन ती उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात गेली. केळीची बाग, ऊस, पाणी उपसायला काठावर टाकलेल्या मोटारी. माझी आई गेली तेव्हा ती वर्षाची पोरगी कडेवर घेऊन पहिल्या गाडीने आली आणि तीन दिवस राहिली. भाकरी तिने थापल्या, भेटायला येणाऱ्यांशी तीच बोलली. मला म्हणाली, "लोकांचं माझ्याकडं सोड. तू फकस्त बस." तिसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरगी उचलली, पिशवी घेतली आणि एक शब्द न बोलता जिना उतरली. मी गॅलरीतून बघत होते. रिक्षात बसेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. रीत म्हणजे रीत. ती पाळतानाही तिच्यात माया होती.

तिचे सासरे वारले तेव्हा म्हणूनच मला जायचंच होतं. म्हातारे होते, अंथरुणाला खिळलेले होते, सुटले म्हणायचं. पाचव्या दिवशी मी साखर आणि चहापत्तीचा पुडा घेऊन पॅसेंजरमध्ये बसले. मोहोळपर्यंत काय बोलायचं ते ठरवलं. कुर्डुवाडीपर्यंत रडायचं कधी ते ठरवलं. बाई दारात आली, की घरातल्या बायका तिच्या गळ्यात पडून रडतात. त्या वेळी आपल्याला रडू आलं नाही तर? केमपासून पुढे, निघाल्यापासून मधूनमधून घोकत होते तेवढं एकच: 'येते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं नाही.

स्टेशनवर तिचा नवरा मोटारसायकल घेऊन आला होता. शांत माणूस. मला ताई म्हणायचा. वाटेत खड्डा आला की आधी सांगायचा, "ताई, धरून बसा." घरी बायका गळ्यात पडल्या आणि रडू अगदी वेळेवर आलं. त्याचं मला इतकं हायसं वाटलं, की ते तिथंच थांबलं. मग दीड तास मी भिंतीला टेकून बसले. चहा घेतला. बोलायचं तेवढं बोलले. सगळं नीट पार पडत होतं. निघायची वेळ झाली, बाहेर मोटारसायकल सुरू झाली, मैत्रीण सतरंजीची घडी घालत होती, तिची सासू आणि चुलतसासू समोर बसलेल्या. मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि ते वाक्य, जे मी सोलापूरपासून तोंडाला कुलूप लावून आत ठेवलं होतं, बाहेर पडलं.

चुलतसासूने मान वर करून माझ्याकडे बघितलं. सासूने पदर सारखा केला. जेऊरला येईपर्यंत मोटारसायकलवर मागे बसून मी त्या नजरेचा अर्थ लावत होते. स्टेशनवर सोडताना तिचा नवरा म्हणाला, "बरं झालं आलात ताई, तिला बरं वाटलं." मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

सव्वा महिन्याने आमच्या जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. तिचा नवरा गेला होता. धरणाचं पाणी मागे सरकलं होतं, म्हणून मोटार खाली ओढायला गेला आणि शॉक लागला.

मी प्रयोगशाळेत उभी होते. हातात सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली होती. आधी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता, किंवा तिचा. माझ्या डोळ्यांपुढे चुलतसासूचा आला. वर केलेली मान. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण खरं तेच आहे. माझ्या एका शब्दाने मोटारीत करंट उतरत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी विज्ञानात आयुष्य काढलंय. माझी भीती ती नव्हतीच. त्या घरातल्या बायकांना ते आठवत असेल, त्या आपापसात म्हणत असतील, 'त्या सोलापूरच्या बाईनं जाताना येते म्हटलं', आणि मैत्रीण ते ऐकत असेल, ही ती भीती होती.

मी रोज जायचं ठरवत होते आणि रोज तालीम अपुरी पडत होती. आधी त्या 'येते'बद्दल माफी मागायची, की आधी रडायचं? माफी मागितली तर ज्यांना आठवत नाही त्यांनाही आठवेल. नाही मागितली तर निर्लज्ज ठरेन. फोन करावा तर तिचा आवाज ऐकून मी गप्प बसेन. शेवटी मेसेज लिहायला घेतला. चार मोठे मेसेज लिहून पुसले आणि जो गेला तो असा होता: 'काळजी घे.' पुढे हात जोडलेली खूण. तीन दिवस माझ्या घरी राहून भाकरी थापणाऱ्या बाईला मी दोन शब्द आणि एक चित्र पाठवलं. तिने ते वाचलं. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही, आणि कशाला येईल?

दहावं झालं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, साखर-चहापत्ती घेतली आणि गाडीत बसले. जेऊरला उतरले. स्टेशनबाहेर वडापची जीप उभी होती. ड्रायव्हर तिच्या गावाचं नाव घेऊन ओरडत होता, "दोनच सीट, दोनच सीट." मी फलाटावरच्या बाकावर बसले, म्हटलं, एक मिनिट. त्या एका मिनिटात मी त्या घरी पोचले, दारात उभी राहिले, बायका उठल्या, कुणीतरी म्हणालं, 'आली बघा', मी बसले, उठले, निघाले. निघताना काय करायचं? गप्प निघाले तर सगळ्यांना कळेल, की मागच्या वेळचं हिला चांगलं आठवतंय. जीप भरून गेली. दुसरी आली. तीही गेली. मी पोचायच्या आधीच तिथून निघायची तालीम करत बसले होते.

फाटकाशी एक तरुण मोटारसायकलवर कुणाची तरी वाट बघत होता. डोकं नुकतंच भादरलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी तोंड फिरवलं. तिचा दीर असावा असं वाटलं. नसेलही. परतीची गाडी आली आणि मी तिच्यात चढले.

ओळखलं असेल का त्यानं? पुढची दोन वर्षं मी हा प्रश्न रोज विचारला. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, बाटल्यांना लेबलं लावताना. परत आणलेली साखर ओट्यावर तशीच राहिली. मला ती वापरवेना आणि टाकवेना. तिला मुंग्या लागल्या तेव्हा सुटले.

मधल्या काळात मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला लोकांची भीती वाटत नाही. लोक उठून गेल्यावर तुमच्या डोक्यात जी बैठक बसते, तिची वाटते." मला हे इतकं पटलं, की घरी जाताना मी आनंदात होते, आणि घरी पोचेपर्यंत 'पटलं' हे आपण जरा जास्तच उत्साहाने म्हणालो, असं वाटू लागलं. त्यांनी एक वही करायला सांगितली होती. डावीकडे प्रत्यक्ष काय घडलं, उजवीकडे मला काय वाटलं. उजवी पानं भरली. डावीकडे लिहायला काही सापडेना. मग, बाई वही बघून काय म्हणतील, या काळजीने मी ती दोनदा नव्याने लिहून काढली. शेवटी त्या म्हणाल्या, "जा आणि मैत्रिणीला सरळ विचारा." मी हो म्हणाले आणि त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

ती यंदा आपणहून आली. दुपारचे तीन वाजले असतील. दार उघडलं तर ती उभी होती. वाळली होती, केस पांढरे, कपाळ मोकळं. पोरगी बारावी झाली होती, तिला सोलापुरात कॉलेजला घालून, हॉस्टेलवर सोडून आली होती. मी 'ये' म्हणाले की नुसतं बाजूला झाले, ते मला आठवत नाही, आणि ही गोष्ट मी फार वेळा आठवून बघितली आहे.

चहा केला. ती खुर्चीत बसून घर बघत होती. म्हणाली, "तसंच हाय की सगळं." मग कप खाली ठेवला.

"तू जेऊरपतूर आलतीस. दिरानं बघितलं तुला. घरी यीऊन म्हनला, वैनी, तुमची मैत्रीण टेसनावर बसलीया. मी ताट वाढून ठिवलं. मला वाटलं, वडापनं येत आसंल."

मी माझाही कप खाली ठेवला.

"गावात समदी पाळत्यात," ती म्हणाली. रागाने नाही, केळीचा भाव सांगावा तसं. "हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत. सकाळच्या पारी म्होरं आले तर वाट बदलत्यात. ते मी धरूनच चाललेलं. पर तू न्हाय पाळणार, आसं वाटलं हुतं मला."

दोन वर्षं मी रात्रंदिवस अर्थ लावत होते. तिच्या मनात काय असेल याच्या शंभर तऱ्हा मी रचल्या होत्या, त्यांत ही एक नव्हती. विधवेच्या घरी जायला नको म्हणून मी स्टेशनावरून मागे फिरले, असं तिला वाटू शकतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कारण माझ्या त्या सगळ्या विचारांत ती नव्हतीच. मीच होते.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, उलटसुलट, 'येते' म्हणाले ते, चुलतसासूची मान, बाक, जीप. ती ऐकत राहिली.

"कवा म्हनलीस?" ती म्हणाली. "मला न्हाय बाई आठवत. सासूला बी न्हाय आठवायचं. अर्थिंग तुटलं हुतं मोटारीचं." तिने रिकामा कप बाजूला सारला. "मला इचारायचं हुतंस की."

मला वाटलं, संपलं. सुटले. विसेक वर्षांपूर्वीसारखं डोकं एकदम गप्प झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "पोरगी हितं एकलीच हाय आता. काय अडलं-नडलं तर तुझा नंबर दीऊ का तिला?"

'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. तिने दिराच्या तोंडून ऐकून वाढून ठेवलेल्या ताटाची तेवढ्याने फेड झाली नसती, पण सुरुवात झाली असती. आणि मी विचार करायला लागले. नुसतं 'हो' तुटक वाटेल. 'त्यात विचारायचं काय' म्हणावं, तर इतक्या दिवसांनी ती लाडीगोडी वाटेल. पोरगी घरी आली तर अठरा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं? तिने वडलांचं काढलं तर? मी किती वेळ गप्प होते ते मला माहीत नाही. फार नसेल. चहाचा कप विसळून होईल इतका.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"अगं, नाही, दे ना," मी म्हणाले. पण तोवर ती उठली होती.

तिने पिशवी घेतली. दाराशी चपला घातल्या. या वेळी डोक्यावरून हात फिरवला नाही. काही न बोलता जिना उतरली. मी गॅलरीत गेले. फाटक उघडून तिने ते मागे नीट लावलं, आणि रिक्षा मिळेपर्यंत कोपऱ्यावर माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

'येते' म्हणाली नाही. माझ्या घरात तर कुणी गेलेलं नव्हतं.

गडबडीत राहून गेलं असेल. तिला गाडी गाठायची होती. किंवा म्हणाली असेल आणि मला ऐकू आलं नसेल. तिला फोन करून विचारलं, तर ती सांगेल, ती कधी खोटं बोलत नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिची पोरगी माझ्या घरापासून दोन थांब्यांवर राहते. या गोष्टीला आता सात महिने झाले. काय विचारायचं ते वाक्य मी जवळजवळ ठरवलं आहे.